फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा

प्रति,
तालुक्याच्या ठिकाणच्या औद्योगिक वसाहतींमधील उद्योजक संघटनांचे अध्यक्ष, पदाधिकारी आणि सभासद यांस,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आपल्यापैकीच एका संघटनेने मला वार्षिक पुरस्काराच्या निवड समितीवर बोलावले. माझ्यासमोर अकरा फॉर्म ठेवले. प्रत्येक फॉर्मवर रकाने तेच: उलाढाल, निर्यात, कामगारांची संख्या, मिळालेली प्रमाणपत्रे आणि सगळ्यात शेवटी सामाजिक कार्यावर झालेला खर्च. या शेवटच्या रकान्यात वह्यावाटप होते, रक्तदान शिबिर होते, एका शाळेला दिलेले संगणक होते. काम चांगलेच आहे, मी त्याला नावे ठेवणार नाही. पण फॉर्म वाचता वाचता माझी नजर वरच्या दोन ओळींवर अडकली. कारखान्याचा पत्ता आणि राहण्याचा पत्ता. अकरापैकी नऊ जणांचे कारखाने आपल्या तालुक्यात होते आणि घरे पुण्यात, मुंबईत नाहीतर कोल्हापुरात.

त्याच बैठकीत मला आणखी एक काम सांगितले गेले. कार्यक्रमाच्या व्यासपीठावर दरवर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांचा फोटो ठेवतात, त्याला हार घालतात. तर यंदा स्मरणिकेसाठी त्यांच्यावर दोन पाने लिहा, असा आग्रह झाला. मी हो म्हणालो. लिहायला बसलो आणि लक्षात आले की हे मला स्मरणिकेत लिहायचेच नाही. हे तुम्हा सगळ्यांना सांगायचे आहे. म्हणून हे पत्र.

आधी थोडी ओळख करून देतो, म्हणजे मी कुठून बोलतो आहे ते कळेल. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावात माझे मशीन शॉप आहे. पंपाच्या सुट्या भागांचे मशिनिंग, बहुतेक जॉबवर्क. माणसे बावीस. वडील वाडीला टर्नर होते. आमच्या भागात नुसते 'वाडी' म्हटले की किर्लोस्करवाडी, वेगळे सांगावे लागत नाही. मिरज-पुणे लाइनवर आजही गाडी तिथे थांबते आणि पाटीवर त्या माणसाचे आडनाव आहे. पूर्वी त्या स्टेशनाचे नाव कुंडल रोड होते. एका कारखानदाराच्या नावाने स्टेशन ओळखले जावे, हे कसे घडले ते नीट पाहिले पाहिजे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. गांधीजींचे जन्मवर्षही तेच. शाळेत मन रमले नाही. चित्रकलेची ओढ, म्हणून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे दोन वर्षांत कळले की डोळ्यांना सगळे रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगांधळेपणा. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणाला याहून मोठा धक्का कोणता? पण रेघ तर काढता येत होती. ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवूही लागले. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना बाजूला ठेवून एका अँग्लो-इंडियन माणसाला घेतले गेले. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले.

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर सायकलींचे दुकान होते. 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे नाव त्या दुकानापासूनचे. त्या काळात सायकल ही साहेबाची आणि श्रीमंताची वस्तू. रामूअण्णा सायकल विकत आणि वर चालवायलाही शिकवत, शिकवण्याची फी वेगळी. मग पवनचक्क्यांची एजन्सी आली, मग कडबा कापायचे यंत्र, म्हणजे आपली कडबाकुट्टी, आणि मग लोखंडी नांगर.

नांगराची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत कधी ना कधी ऐकलेली असते. लोखंडाने जमीन विषारी होते, असे शेतकरी म्हणत. पहिले नांगर दोन वर्षे विकले गेले नाहीत. धंद्यात असलेल्या माणसाने हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. दोन वर्षे! माझ्याकडे दोन महिने माल पडून राहिला तर बँकेचा फोन येतो आणि रात्रीची झोप उडते. त्या दोन वर्षांत गडी नांगर मागे घेऊन दुसऱ्या धंद्याला लागला नाही. शेतकऱ्याची जमीन कशी, बैल केवढा, मुठीला हात कसा बसतो, फाळ कुठे झिजतो, हे तो बघत राहिला. लाकडी नांगर धरणाऱ्या माणसाला तो अडाणी म्हणाला नाही. ग्राहकाला पटत नसेल तर आपण त्याच्याजवळ पुरेसे गेलेलो नाही, असे मानणारा हा कारखानदार होता. माझ्या मते पुढचे सगळे या एका सवयीतून आले.

बेळगावात जम बसत होता तेवढ्यात तिथली जागा सोडावी लागली. नगरपालिकेला गावाचे नवे उपनगर वसवायचे होते आणि कारखाना त्याच्या आड येत होता. जमवलेली भट्टी, यंत्रे, माणसे, सगळे घेऊन जायचे कुठे? तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. ते नुकतेच, १९०९ मध्ये, गादीवर बसले होते. किर्लोस्करांनी त्यांचे औंधच्या देवळाच्या मंडपाचे काम घेतले होते, त्यातून ओळख झाली होती. राजांनी दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन दिली.

जमीन म्हणजे काय, तर माळ. निवडुंग माजलेला आणि नागांचा सुळसुळाट. पाण्याची बोंब. १९१० च्या मार्चमध्ये तिथे पहिली वस्ती झाली. पंचवीसेक कामगार आणि त्यांच्या बायकामुलांसकट संसार. लक्ष्मणरावांचे बिऱ्हाडही त्याच माळावर. हे शेवटचे वाक्य माझ्या पत्राचा गाभा आहे, म्हणून जरा थांबून वाचा. भांडवल राजाचे, जमीन राजाची, धोका पंचवीस घरांचा. अशा वेळी मालकाने कुटुंबाला बेळगावात सुखरूप ठेवून स्वतः येऊन-जाऊन काम बघितले असते तरी कोणी बोट दाखवले नसते. पण ज्या विहिरीचे पाणी कामगाराच्या घरी जाणार तेच मालकाच्या घरी जाणार होते. मग ती विहीर स्वच्छ ठेवावीच लागते.

वाडीत कोण कोण होते तेही पाहा. हिशेब मंगेशराव रेगे बघत. गावाची व्यवस्था, पाणी आणि स्वच्छता शंभूराव जांभेकरांकडे. यंत्रांचे काम अनंतराव फळणीकरांकडे. माल घेऊन गावोगाव हिंडायचे काम के. के. कुलकर्णींचे. यांत मोठमोठ्या पदव्यांची माणसे नव्हती. शाळेने ज्यांच्या नावावर काट मारली होती अशांतूनही लक्ष्मणरावांनी माणसे उभी केली. याहून मोठी गोष्ट रात्रीच्या पहाऱ्याची. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना त्यांनी पहारेकरी नेमले. त्या काळात इंग्रज सरकारच्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या होत्या, आणि तो कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये जाऊन रद्द झाला. त्या दिवसांत कारखान्याच्या किल्ल्या तुरुंगातून आलेल्या माणसाच्या हाती देऊन मालक शेजारच्या घरात बायकामुलांसह झोपत होता. पन्नास मैलांवर राहून असा विश्वास टाकता येत नाही. लांबून आपण फार तर सिक्युरिटी एजन्सीचे कंत्राट देऊ शकतो.

वाडीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती. एका माळावर, एका माणसाच्या शब्दाने. आसपासच्या गावांत पाणवठे वेगळे असताना.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर यायचे थांबले आणि वाडीच्या नांगराला मागणी आली. आता मागणी होती तर लोखंड आणि कोळसा मिळेना. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले, ही गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. मला ती माझ्या वडिलांनी सांगितली, लेथवर उभे असताना, हातातले काम न थांबवता. पुढे उसाचे चरक आले, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रे आली, पंप आले, इंजिने आली, लोखंडी फर्निचर आले. ही यादी लांबवण्यात अर्थ नाही, ती कंपनीच्या इतिहासात मिळेल.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती छापखान्याची गोष्ट. १९२० मध्ये वाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. संपादक शं. वा. किर्लोस्कर, लक्ष्मणरावांचे पुतणे, चित्रकलेचे शिक्षण घेतलेले. सुरुवातीला कारखान्याच्या मालाची आणि गिऱ्हाइकांची खबर, पण थोड्याच वर्षांत ते घराघरांत जाणारे मराठी मासिक झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आले, १९३४ मध्ये 'मनोहर'. महाराष्ट्रातल्या शिकलेल्या घरांत सुधारणेचे, विज्ञानाचे, बाईच्या शिक्षणाचे आणि हक्काचे वाद ज्या मासिकांनी नेले, ती सांगली-साताऱ्याच्या एका माळावर छापली जात होती. नांगर ओतणाऱ्या भट्टीपासून हाकेच्या अंतरावर. आज आपल्या वसाहतीत एखादा छापखाना असलाच तर पुठ्ठ्याची खोकी छापतो. माझा राग खोक्यांवर नाही. कारखान्याच्या आवारातून गावाला काही वाचायला मिळू शकते, ही कल्पनाच आपल्यातून गेली आहे, याचे मला वाईट वाटते.

थोरला मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकला आणि १९२६ मध्ये परत आला, तो वाडीलाच. पुढे पुणे, बेंगळुरू, हरिहर इथे कारखाने झाले. धंदा वाढला की मोठ्या शहरांत जावे लागते, हे मला मान्य आहे. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले, सत्याऐंशी वर्षांचे होऊन. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला पोस्ट खात्याने तिकीट काढले.

हे सगळे वाचून कोणाला वाटेल की मी वाडीची पूजा मांडली आहे. तसे नाही. एका मालकाने वसवलेल्या गावात एक मोठी अडचण असते. घर त्याचे, पाणी त्याचे, नोकरी त्याची, मग कामगाराने त्याच्या तोंडावर 'नाही' कसे म्हणायचे? चांगला मालक मिळाला तर स्वर्ग, पण चांगला मिळेलच याची हमी काय? आज आपल्याकडे ग्रामपंचायत आहे, नगरपरिषद आहे, कामगार कायदे आहेत. कोणी नवी वाडी वसवावी असे मी मुळीच म्हणत नाही. आपण गावात राजा म्हणून राहायचे नाही, घरपट्टी भरणारा, रेशन दुकानदाराला ओळखणारा, ग्रामसभेत मागच्या सतरंजीवर बसणारा माणूस म्हणून राहायचे.

आणि गावात राहिले की गाव आपले उपकार स्मरते, असाही भ्रम नको. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात जी जाळपोळ झाली तिच्यातून वाडीही सुटली नाही. कारखान्याला आग लागली. ज्याने तिथला निवडुंग काढला त्याला वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे सोसावे लागले. जातीचा राग उसळला तेव्हा अडतीस वर्षांचा शेजार पुरला नाही. ही जखम आमच्या भागात आजही कोणी मोठ्याने बोलत नाही आणि मीही ती इथे उकरणार नाही. पण लपवूनही चालणार नाही, कारण तुमच्यातला कोणीतरी मला विचारणारच: एवढे करून त्यांना मिळाले काय? कारखाना त्याच जागी पुन्हा उभा राहिला. आजही तिथे पंप बनतात. यापलीकडे मला उत्तर देता येत नाही.

आता माझे स्वतःचे सांगतो. हे मी आजवर कोणत्याही बैठकीत बोललेलो नाही.

२००८ मध्ये मुलांच्या शाळेसाठी आम्ही पुण्याला बिऱ्हाड केले. मी सोमवारी पहाटे निघायचो, गुरुवारी संध्याकाळी परत. शॉप चालत होते, ऑर्डरी वाढत होत्या, फोरमन विश्वासू होता. अकरा वर्षे असे चालले. मग २०१९ चा ऑगस्ट आला. कृष्णेचे पाणी चढत असताना मी पुण्यात होतो. महामार्ग बंद, रेल्वे बंद. टीव्हीवर सांगली दिसत होती आणि मी सोफ्यावर बसलो होतो.

रात्री साडेअकराला फोरमनचा फोन आला. गावात वीज नव्हती, त्याच्या मोबाइलची बॅटरी संपत आली होती. तो म्हणाला, "साहेब, खालच्या आळीत पाणी शिरलंय. आपलं शेड उंचावर आहे. लोकांना आत घेऊ का? शटर उघडू का?"

मी अर्थातच हो म्हणालो. पन्नासेक माणसे पाच दिवस माझ्या लेथांच्या मधल्या जागेत झोपली. म्हाताऱ्या बायका, तान्ही बाळे, दोन शेळ्या. फोरमनच्या बायकोने कामगारांच्या चहाच्या भांड्यात भात शिजवला. नंतर लोकांनी माझा सत्कार केला, शाल दिली, फोटो पेपरात आला. पण तो फोन माझ्या डोक्यातून जात नाही. बुडणाऱ्या शेजाऱ्याला आत घ्यायला त्या माणसाला माझी परवानगी मागावी लागली. जवळची शेवटची बॅटरी त्याने त्यासाठी खर्च केली. फोन लागला नसता तर? त्याची चूक नव्हती. अकरा वर्षे मी त्याला हेच शिकवले होते की मालक दुसरीकडे असतो आणि प्रत्येक गोष्ट त्याला विचारायची असते.

त्याच आठवड्यात आमच्याच तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन येणारी बोट उलटली. त्या गावची माणसे माझ्या ओळखीची होती. मी तेराव्याला पोचलो.

२०२० च्या सुरुवातीला आम्ही परत गावी आलो. मुले तोवर मोठी झाली होती, त्यामुळे फार त्याग केला असे मला म्हणायचे नाही. गावात राहायला लागलो आणि पहिल्याच महिन्यात एक गोष्ट दिसली. आमच्या वसाहतीच्या फाट्यापासून एसटीच्या थांब्यापर्यंत रस्त्यावर एकही दिवा नव्हता. पॅकिंगच्या शेडमधल्या बायका दुसरी शिफ्ट संपवून रात्री त्या अंधारातून चालत जात. मी त्या रस्त्याने हजार वेळा गेलो असेन, पण गाडीतून, हेडलाइट लावून. पायी गेलो तेव्हा कळले. खांब यायला पावणेदोन वर्षे लागली. अर्ज, सही, पुन्हा अर्ज, पदाधिकारी बदलले, पुन्हा अर्ज. मी रोज त्याच गावात होतो म्हणून पाठपुरावा झाला. पुण्याहून हे झाले नसते. उलट मी एखाद्या शाळेला पंखे देऊन फॉर्मचा रकाना भरला असता.

तुमचे म्हणणे मला पाठ आहे, कारण अकरा वर्षे ते माझेच होते. गावात चांगली शाळा नाही. चांगला दवाखाना नाही. बायकोला करमत नाही. यातले काहीही खोटे नाही. पण हे चक्र फिरते कसे ते बघा. शाळा चांगली नाही म्हणून आपण जातो. आपण गेलो म्हणून शाळेच्या व्यवस्थापन समितीत शिक्षकाला हक्काने चार गोष्टी विचारणारा पालक उरत नाही. तहसीलदार, गटविकास अधिकारी, मुख्याधिकारी यांच्या केबिनमध्ये ज्याला खुर्ची मिळते असा माणूस गावातून गेला की गावाचे गाऱ्हाणे बाहेरच्या बाकावर बसून राहते. पैसा नसल्यामुळे गाव तेवढे मागे पडत नाही, जेवढे बोलणारी माणसे निघून गेल्यामुळे पडते.

सरकारने सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, कायदा केला. २०१३ च्या कंपनी कायद्यातले १३५ वे कलम, १ एप्रिल २०१४ पासून लागू. पाचशे कोटींची नक्त मालमत्ता, किंवा हजार कोटींची उलाढाल, किंवा पाच कोटींचा नफा असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. आपल्यातले बहुतेक जण या मापात बसतच नाहीत, आणि जे बसतात त्यांचाही पैसा कन्सल्टंटच्या फायलीतून फिरत येतो. लक्ष्मणरावांच्या वेळी असला कायदा नव्हता. वाडीची विहीर कोणत्या टक्क्यात बसते, हे शंभूराव जांभेकरांना कोणी विचारत नव्हते.

जळगावच्या भवरलाल जैन यांचेही उदाहरण आहे. वाकोदसारख्या गावात १९३७ मध्ये जन्मलेला माणूस, १९६३ मध्ये सात हजार रुपयांवर रॉकेलची एजन्सी सुरू करतो, पुढे पाइप आणि ठिबक सिंचन जगभर नेतो, आणि २०१६ मध्ये जातो तोवर त्याच्या कामाचे केंद्र जळगावच राहते. गांधीतीर्थ त्याने जळगावच्या टेकडीवर उभारले, मुंबईच्या समुद्रकिनारी नाही. म्हणजे हे फक्त १९१० सालीच शक्य होते, असे मानायचे कारण नाही.

एमआयडीसी १९६२ मध्ये आली. तिने आपल्याला प्लॉट दिले, रस्ते दिले, पाणी दिले. तिच्यामुळे माझ्यासारख्या टर्नरच्या पोराचे शॉप होऊ शकले, हे मी कधी विसरणार नाही. पण तिच्या आखणीत कारखाना एका कुंपणात आणि गाव दुसऱ्या, असे झाले. कुंपणाच्या आतले लोक संध्याकाळी सहाला गाडीत बसतात. किर्लोस्करांना बत्तीस एकर माळ मिळाला तेव्हा त्यांनी त्यात शेडबरोबर घरे, बाग, छापखाना, सगळे एकत्र बसवले. आपल्याला तेवढी जमीन मिळणार नाही. पण गाव तर आधीच वसलेले आहे! आपल्याला निवडुंग काढायचा नाही, फक्त राहायला यायचे आहे.

माझे मागणे असे आहे. पुरस्काराच्या फॉर्ममध्ये उलाढालीच्या वर एक रकाना वाढवा: 'मालक किंवा भागीदार वर्षातले किती दिवस या तालुक्यात राहतात?' खोटे कोणी लिहिणार नाही, लहान गावात ते लपत नाही. ज्यांना शंभर दिवससुद्धा लिहिता येणार नाहीत, त्यांना पुरस्कार देऊ नका असे मी म्हणत नाही. फक्त तो आकडा व्यासपीठावर उलाढालीच्या आकड्याबरोबर मोठ्याने वाचा.

दुसरे, संघटनेच्या मासिक सभा जिल्ह्याच्या हॉटेलात घेऊ नका. आपल्याच गावच्या हायस्कूलच्या वर्गात घ्या. बाकावर बसलो की बाकाचा खिळा टोचतो, आणि शाळेची स्वच्छतागृहे कशी आहेत हे सगळ्यांना त्याच संध्याकाळी कळते.

तिसरे, तरुण सभासदांसाठी. तुम्हाला पूर्ण बिऱ्हाड आणता येत नसेल, मुले दहावीला असतील, आईवडील शहरात औषधोपचार घेत असतील, तर मी कोण सांगणारा? निदान तुमच्या फोरमनला, सुपरवायझरला आज सांगून ठेवा की पूर, आग, अपघात अशा वेळी शटर उघडायला कोणाला विचारायचे नाही. लेखी द्या. मी दिले आहे. ऑफिसच्या भिंतीवर फ्रेम करून लावले आहे.

निवड समितीत मी त्या अकरा फॉर्मपैकी दोघांना मत दिले, जे इथेच राहतात. एकाची उलाढाल सगळ्यांत कमी होती. माझे म्हणणे चालले नाही, निकाल दुसऱ्या बाजूने लागला, आणि निवडलेला उद्योजक कर्तबगार आहे, त्याचे अभिनंदनही मी केले. स्मरणिकेची दोन पाने मात्र मी दिलेली नाहीत. त्याऐवजी हे पत्र छापायचे असेल तर छापा.

येत्या २० जूनला लक्ष्मणरावांची जयंती. त्या दिवशी सकाळी मी किर्लोस्करवाडी स्टेशनच्या बाहेर उभा असेन. हारतुरे नकोत, भाषण नको. ज्यांना यायचे आहे त्यांनी गाडी घरी ठेवून रेल्वेने यावे. स्टेशनापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत आणि तिथून कुंडलच्या रस्त्याने आपण पायी जाऊ. माझा फोरमनही येणार आहे, त्याची तुमच्याशी ओळख करून द्यायची आहे.

आपला,
एक जुना सभासद
कृष्णाकाठ, जि. सांगली